हरवलेल्या मित्राने सांगितलेली गोष्ट

विक्रम राजा झाडावरून प्रेत उतरवतो, खांद्यावर टाकतो आणि मुकाट्याने स्मशानाची वाट धरतो. प्रेतातला वेताळ त्याला गोष्ट सांगतो, शेवटी कोडं घालतो, राजाला बोलावंच लागतं आणि वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लटकतो. माढ्यात पन्नाशीच्या कुणाही माणसापुढे हे एवढं बोलून बघा, पुढचं तो तोंडपाठ सांगेल. ‘चांदोबा’चा मराठी अंक १९५२ साली निघाला, आणि मद्रासेत तयार होणारं ते मासिक आपल्या आडगावांतल्या पोरांनी पार चिंध्या होईस्तोवर वाचलं. १९८५ साली दूरदर्शनवर ‘विक्रम और वेताल’ आलं, तेव्हा ज्यांनी अंक पाहिला नव्हता त्यांनाही वेताळ भेटला. तसा तो आपल्याकडे अनोळखी नव्हताच. शिवारात, वेशीबाहेर शेंदूर फासलेला वेताळाचा दगड कितीतरी गावांना आहे.

पण ही गोष्ट मुळात कोणी कोणाला सांगितली?

अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेव नावाच्या कवीने सूर्यमती राणीच्या मनोरंजनासाठी ‘कथासरित्सागर’ रचला. अठरा लंबक म्हणजे खंड, एकशेचोवीस तरंग, वीस हजारांहून जास्त श्लोक. त्याच्या बाराव्या लंबकात अयोध्येचा राजपुत्र मृगांकदत्त आहे. त्याला दहा मित्र. सगळे मंत्र्यांचे मुलगे आणि दहाही जण त्याच्यावर जीव टाकणारे. उज्जयिनीची राजकन्या शशांकवती हिच्या ओढीने ही टोळी निघते. वाटेत विंध्याच्या अरण्यात एक तपस्वी त्यांच्या मदतीने नागाकडची तलवार मिळवू बघतो. विधी फसतो, नाग खवळतो आणि शाप देतो: तुम्ही सगळे एकमेकांपासून तुटाल. क्षणात अकरा जण अकरा दिशांना फेकले जातात.

तिथून पुढे लंबकभर मृगांकदत्त चालत राहतो आणि एकेक मित्र सापडत जातो. जो सापडतो तो बसून आपल्यावर काय काय गुजरलं ते सांगतो. असाच एक दिवस आकाशातून एका अक्राळविक्राळ माणसाच्या खांद्यावर बसून कोणीतरी खाली उतरतं. तो असतो विक्रमकेसरी, दहांपैकी एक. तो म्हणतो, आपली ताटातूट झाल्यावर मी भटकत होतो. एका म्हाताऱ्या ब्राह्मणाला साप चावला होता, त्याला मी वाचवलं. त्याने उपकाराची फेड म्हणून वेताळ वश करण्याचा मंत्र देऊ केला. मी म्हणालो, मित्रापासून तुटलेल्या माणसाला वेताळ घेऊन काय करायचंय? तेव्हा म्हातारा हसला. वेताळाकडून काय मिळत नाही, असं म्हणून त्याने मला राजा त्रिविक्रमसेनाची गोष्ट सांगितली.

हीच ती आपली वेताळपंचविशी. एका मित्राने दुसऱ्या मित्राला शोधून काढण्यासाठी वेताळ साधला, आणि तो कसा साधला हे सांगताना या पंचवीस गोष्टी सांगितल्या. ‘चांदोबा’च्या पानावर शंकर यांनी काढलेलं ते प्रसिद्ध चित्र आठवा: उपसलेली तलवार, पाठीवर प्रेत, मागे कवट्या आणि वटवाघळं. त्या चित्राच्या चौकटीबाहेर, आपल्याला कधीच न दिसलेले, दोन तरुण मित्र बसलेले आहेत. एक सांगतोय, दुसरा ऐकतोय. हे समजलं तेव्हापासून मला ते चित्र भयाण वाटेनासं झालंय.

आणखी एक नवल आहे. हा त्रिविक्रमसेन कुठला राजा? सोमदेव स्पष्ट सांगतो, गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा. म्हणजे पैठणचा. आपण ज्याला उज्जैनचा विक्रमादित्य समजत आलो, तो या सांगण्यात आपल्याच मुलखातला.

पैठणशी या कथांचं नातं याहूनही खोल आहे. सोमदेवाने हा सागर स्वतःच्या डोक्यातून काढलेला नाही, तो सांगतो की आपण ‘बृहत्कथा’ संक्षेपाने मांडतोय. ती बृहत्कथा पैशाची भाषेत लिहिणारा गुणाढ्य हा पैठणच्या सातवाहन राजाच्या दरबारातला मंत्री. मूळ ग्रंथ हरवला आहे, पण त्याची कीर्ती दंडी आणि बाणभट्टाने गायली, नवव्या शतकातल्या कंबोडियातल्या शिलालेखापर्यंत गुणाढ्याचं नाव पोहोचलं.

गुणाढ्य माणसाच्या जन्माला का आला, याचीही कथा आहे, आणि माझ्या मते साऱ्या भारतीय अद्भुतकथांचं बीज तिच्यात आहे. कैलासावर शंकर पार्वतीला कुणीच न ऐकलेली गोष्ट सांगत होते. पुष्पदंत नावाच्या गणाने ती चोरून ऐकली आणि बायकोला सांगितली. गुपित फुटलं. पार्वतीने पुष्पदंताला शाप दिला, मर्त्य होशील. तेव्हा माल्यवान नावाचा दुसरा गण मध्ये पडला. त्याचा काही संबंध नव्हता, त्याने काही ऐकलं नव्हतं. मित्रासाठी तो रदबदली करायला गेला एवढंच. पार्वतीने त्यालाही तोच शाप दिला. तो माल्यवान म्हणजे पैठणचा गुणाढ्य.

उःशाप कसा ठरला तेही बघण्यासारखं आहे. पुष्पदंताने पृथ्वीवर काणभूती नावाच्या पिशाच्चाला ती गोष्ट सांगायची, म्हणजे तो सुटेल. काणभूतीने ती माल्यवानाला सांगायची, म्हणजे काणभूती सुटेल. माल्यवानाने ती जगात पसरवायची, मग तो सुटेल. कोणीही आपल्या एकट्याच्या बळावर सुटू शकत नाही. प्रत्येकाची सुटका दुसऱ्याला गोष्ट देण्यात आहे. हजारो श्लोकांच्या ग्रंथाचा पायाच असा घातलेला आहे.

पुढे सातवाहन राजाची राणीसमोर संस्कृत न कळल्याने फजिती होते. त्याला संस्कृत शिकवायला गुणाढ्य सहा वर्षं मागतो. शर्ववर्मा नावाचा दुसरा पंडित म्हणतो, सहा महिन्यांत शिकवतो. गुणाढ्य पैज लावतो: तसं झालं तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडीन. शर्ववर्मा जिंकतो. मुका झालेला गुणाढ्य दोन शिष्यांना घेऊन विंध्यात जातो, पिशाच्चांची भाषा शिकतो, काणभूतीकडून गोष्ट ऐकतो आणि सात वर्षांत सात लाख श्लोक लिहितो. रानात शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहितो. शिष्य ते बाड राजाकडे नेतात. राजा ते हिडीसफिडीस करून परत पाठवतो. मग गुणाढ्य टेकडीवर अग्निकुंड पेटवतो, एकेक पान मोठ्याने वाचतो आणि आगीत टाकतो. रानातली हरणं, डुकरं, रेडे चरायचं सोडून भोवती उभी राहून ऐकतात आणि डोळ्यांतून पाणी गाळतात. जनावरं रोडावतात, राजाच्या ताटातलं मांस सुकं पडतं, राजा आजारी होतो, चौकशी करत तिथवर येतो. तोवर सहा लाख श्लोक जळून गेलेले असतात.

उरलेला एक लाख का उरला? तो भाग गुणाढ्याने जाळला नाही, कारण त्याच्या त्या दोन शिष्यांना, गुणदेव आणि नंदिदेवाला, तो फार आवडायचा. तो भाग म्हणजे नरवाहनदत्ताची कथा, एका तरुण राजपुत्राची आणि त्याच्या मित्रांची.

आता आपण खऱ्या मालिकेपाशी आलो. माढ्यात आठवी-नववीत शिकणाऱ्या आणि हॅरी, रॉन, हर्मायनी ही त्रयी पाठ असलेल्या मुलामुलींना मी हे आवर्जून सांगू इच्छितो, कारण या मालिकेचा साचा त्यांना लगेच ओळखू येईल. नरवाहनदत्त हा कौशांबीचा राजा उदयन आणि वासवदत्ता यांचा मुलगा. तो पुढे विद्याधरांचा, म्हणजे आकाशातून संचार करणाऱ्या जादूगार जमातीचा, चक्रवर्ती होणार हे जन्माच्या आधीपासून ठरलेलं आहे. पण विद्याधर जन्मतःच उडतात आणि हा साधा माणूस आहे. त्याच्याबरोबर वाढलेले चार सवंगडी: महामंत्री यौगंधरायणाचा मुलगा मरुभूती, सेनापती रुमण्वानाचा हरिशिख, विदूषक वसंतकाचा तपंतक आणि प्रतिहाराचा गोमुख. मंत्र्याचा, सेनापतीचा, विदूषकाचा आणि दारावरच्या अधिकाऱ्याचा मुलगा एका पंगतीत. आणि या चौघांत सगळ्यांत हुशार, नायकाच्या सगळ्यांत जवळचा कोण? तर गोमुख, द्वारपालाचा मुलगा.

गोमुखाचं पात्र वाचताना मी थक्क होतो. नायक प्रेमात पडून तळमळतो, दिवस सरत नाहीत, तेव्हा हा रात्रीमागून रात्र त्याला गोष्टी सांगत बसतो. दहाव्या लंबकात नायक शक्तियशा या विद्याधरीची महिनाभर वाट पाहत असतो. त्या महिन्यात गोमुख त्याला जे सांगतो त्यात जवळजवळ सगळं पंचतंत्र आहे. सिंह आणि बैल यांची मैत्री कोल्ह्याने कशी फोडली, कावळा, उंदीर, कासव आणि हरीण यांनी एकमेकांना पाशातून कसं सोडवलं, माकड मगरीच्या पाठीवरून कसं वाचलं. शाळेत आपण या गोष्टी बोधकथा म्हणून शिकतो. इथे त्यांना वेगळंच काम आहे. एका मित्राची रात्र सरावी म्हणून दुसऱ्या मित्राने त्या सांगितल्या आहेत. मरुभूतीला गोमुखाचा हा मान खुपतो, दोघांच्या चकमकी उडतात, आणि त्याही कवीने झाकलेल्या नाहीत.

गोमुख बरोबर असताना नायक एकदा समुद्रकाठच्या एका नगरात शिरतो. बाजार भरलेला, दुकानदार, गणिका, नागरिक, सगळे चालतात, हालतात, पण कोणी बोलत नाही. जवळ जाऊन बघतात तर सगळे लाकडी. राज्यधर नावाच्या सुताराने बनवलेली यंत्रं. राज्यधर आणि त्याचा भाऊ मूळचे कांचीचे. भावाने दोऱ्यांनी चालणारे लाकडी हंस करून राजाच्या खजिन्यातून जवाहीर पळवलं, मग पकडले जाण्याच्या भीतीने दोघे वाऱ्यावर चालणाऱ्या यंत्ररथांतून पळाले. एकटा पडलेला राज्यधर मग या ओसाड नगरीत लाकडाची माणसं घडवत राहिला. सोबत कोणी नाही म्हणून माणूस अख्खं शहर बनवतो, आणि त्या शहरात पहिले जिवंत पाहुणे येतात ते दोघे मित्र. अकराव्या शतकातल्या ग्रंथात हे वाचताना अंगावर काटा येतो.

याच कथेची दुसरी शाखा नेपाळात सापडली. बुधस्वामीचा ‘बृहत्कथाश्लोकसंग्रह’, जो फ्रेंच पंडित लाकोत यांनी १९०८पासून छापायला घेतला. तो अपुरा आहे, पण त्यात पात्रांचे स्वभाव जास्त ठळक आहेत. त्यातला एक प्रसंग मला सगळ्या कथासागरात सर्वांत प्रिय आहे. मित्रमंडळी नदीवर सहलीला गेली आहेत. वाळवंटावर कुणाची तरी पावलं उमटलेली दिसतात, पण ती कुठून आली, कुठे गेली याचा माग नाही. इतर जण तर्क लढवतात. गोमुख शांतपणे सांगू लागतो: देव जमिनीला पाय लावत नाहीत. राक्षस जड असतात, त्यांचे पाय खोल रुतले असते. सिद्ध तपाने वाळलेले असतात. तेव्हा हा विद्याधर, आणि त्याच्यासोबत एक स्त्री आहे. माग काढत जातात तर एक विद्याधर झाडाला लोखंडी खिळ्यांनी ठोकलेला. त्याचं नाव अमितगती. त्याच्याच जवळच्या औषधींनी ते त्याला सोडवतात. आकाशात उडणारा हतबल आहे आणि जमिनीवर चालणारी पोरं त्याला वाचवतात. जादू असणाऱ्यांच्या जगात नायकाचा पहिला प्रवेश होतो तो असा, मित्राच्या निरीक्षणशक्तीच्या जोरावर.

या कथा इतक्या चालल्या कशा, याचं उत्तर मला मृगांकदत्ताच्या शापात दिसतं. एकटा नायक असेल तर गोष्ट एकाच रस्त्याने जाते. टोळी असेल आणि ती फुटली, तर एका फटक्यात दहा रस्ते फुटतात, दहा गोष्टी तयार होतात, आणि प्रत्येक भेटीत एक गोष्ट हातात पडते. वाचक दोन गोष्टींसाठी पान उलटतो: आता पुढे काय होणार, आणि आता कोण सापडणार. दुसरी ओढ पहिलीपेक्षा बळकट आहे. त्याच लंबकात पुढे मित्रांचं एका झाडाच्या फळांत रूपांतर होतं, आणि मृगांकदत्त झाडाखाली बसून गणपतीची आराधना करतो. राज्य नाही, राजकन्या नाही, तो देवाकडे मित्र मागतो. इंग्रज लेखक टोल्किनने १९५४ साली आपल्या कादंबरीतली टोळी फोडून दोन-तीन वाटांनी पाठवली, तेव्हा त्याने हीच ताकद वापरली होती.

‘चांदोबा’ने तर ही परंपरा बिनबोभाट पुढे चालवली. वेताळाच्या गोष्टींखेरीज त्यात क्रमशः अद्भुत कादंबऱ्या येत. त्या दासरी सुब्रह्मण्यम तेलुगूत लिहीत आणि तिथून त्या इतर भाषांत जात. चित्रं ‘चित्रा’ या नावाने काढणाऱ्या चित्रकाराची. राक्षस, मांत्रिक, पाताळातले किल्ले, उजाड देवळं, आणि मध्ये बहुधा दोन तरुण. खड्गवर्मा आणि जीवदत्त. जयशील आणि सिद्धसाधक. शिखिमुखी आणि विक्रमकेसरी. हो, विक्रमकेसरी. वेताळाच्या खांद्यावर बसून मित्राला शोधत आलेल्या त्या तरुणाचं नाव विसाव्या शतकातल्या मासिकात पुन्हा एका जोडगोळीतल्या नायकाला मिळालं.

आता वेताळाचंच बघा. शेवटचं कोडंही पावलांचंच आहे. बाप आणि लेक वाटेत दोन स्त्रियांची पावलं पाहतात, एक मोठी, एक लहान. ठरतं असं की मोठ्या पावलांची बापाने करायची, लहान पावलांची मुलाने. प्रत्यक्षात मोठ्या पावलांची ही मुलगी निघते आणि लहान पावलांची तिची आई. मग या दोन जोडप्यांच्या मुलांचं एकमेकांशी नातं काय? राजाला सुचत नाही. तो पहिल्यांदाच गप्प चालत राहतो. आणि वेताळ, ज्याने रात्रभर त्याला छळलं, तो प्रसन्न होतो. सांगतो, ज्या भिक्षूसाठी तू मला नेतोयस तो तुझाच बळी देणार आहे. तो तुला साष्टांग नमस्कार घालायला सांगेल. तू म्हण, मी राजा, मला येत नाही, आधी करून दाखव. राजा तसं करतो आणि भिक्षू वाकताच त्याचं डोकं उडवतो. रात्रभराच्या प्रश्नोत्तरांत वेताळाने या माणसाची बुद्धी, न्याय आणि चिकाटी पारखून घेतली होती. शत्रू म्हणून खांद्यावर बसलेला तो स्नेही म्हणून उतरला. मग तो वर माग म्हणतो, तेव्हा राजा इतकंच मागतो की या गोष्टी जगात प्रसिद्ध व्हाव्यात. मराठीत सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८३० साली त्या छापील गद्यात आणल्या.

तिसरी शाखा आपल्या आणखी जवळची आहे. ‘वसुदेवहिंडी’ हा संघदासगणीचा जैन ग्रंथ. त्याची भाषा महाराष्ट्री प्राकृत, आपल्या मराठीची पूर्वज. १९३५ साली जर्मन पंडित आल्सडोर्फ यांनी दाखवून दिलं की हीसुद्धा हरवलेल्या बृहत्कथेचीच लेक आहे. इथे राजपुत्राच्या जागी चारुदत्त नावाचा व्यापाऱ्याचा मुलगा आहे, पण मित्रांत तेच हरिसिंह, गोमुख, मरुभूती. तीच वाळूतली पावलं, तोच झाडाला ठोकलेला विद्याधर. मला यात सातवाहनांच्या काळातल्या व्यापाराचा वास येतो. माढ्याहून बार्शीच्या पुढे गेलं की तेर लागतं. पहिल्या शतकातला ग्रीक प्रवासग्रंथ पैठणबरोबरच या तगर नगराचं नाव घेतो आणि इथलं कापडचोपड गाड्यांतून भडोच बंदराला जात असल्याचं सांगतो. त्या बैलगाड्यांच्या तळांवर रात्री कोणत्या गोष्टी चालत असतील, याची कल्पना करायला मला फार आवडतं.

हा चारुदत्त पुढे कंगाल होतो आणि सोन्याच्या मुलखाला जाणाऱ्या व्यापाऱ्यांत सामील होतो. वाट इतकी अरुंद की बोकडावर बसूनच जावं लागतं. मग पुढे वाटच नाही. बोकड मारायचे, कातडं उलटं करून आत शिरायचं, म्हणजे भारुंड नावाचे प्रचंड पक्षी मांस समजून उचलतील आणि पलीकडे टाकतील. चारुदत्त विनवतो, या मुक्या जिवाने आपल्याला इथवर आणलं, त्याला मारू नका. सोबती ऐकत नाहीत. तेव्हा तो मरणाऱ्या बोकडाच्या कानात नमस्कारमंत्र म्हणतो. पुढे एका मुनीसमोर चारुदत्त बसलेला असताना आकाशातून एक तेजस्वी देव उतरतो आणि मुनीला सोडून आधी चारुदत्ताच्या पाया पडतो. जमलेले विद्याधर चकित होऊन विचारतात, हा उलटा क्रम का? देव सांगतो, तो बोकड मी होतो.